खाडीकाठ ते तलावकाठ

भाच्याची मोटार विलायतेहून बोटीने मुंबईच्या गोदीत उतरली आणि तिला नंबर मिळेपर्यंत आमच्या घरात कुणाला सुखाचा घास मिळाला नाही. रोज सकाळी तो टोपी चढवून मुंबईला जायचा आणि संध्याकाळी तोंड पाडून ठाण्याला परतायचा. आज म्हणे बोटीवरून उतरल्याचा दाखला हवा, उद्या म्हणे इंजिनावरचा आकडा ताडून पाहायचा आहे, परवा म्हणे साहेबच रजेवर. शेवटी एकदाची ती पत्र्याची पाटी पुढे-मागे ठोकून गाडी दारात उभी राहिली, तेव्हा तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आत्या, पाण्यातून आलेली गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे पुनर्जन्म आहे गं!"

"तुझं बरं आहे," मी म्हटलं. "माझ्या गाडीला नंबर मिळावा म्हणून तिला होडी व्हावं लागलं होतं."

त्याने बायकोकडे पाहिलं. म्हातारी चळली असंच त्याला वाटलं असणार. पण मला त्या घटकेला अण्णाच समोर दिसत होते. ठाण्याच्या बंदरावरच्या कचेरीत, टेबलामागे, डोक्यावर उघडी छत्री धरून बसलेले.

छत्री गळक्या कौलांसाठी नव्हती. एकदा म्हणे कौलातून पाल त्यांच्या टाळूवर पडली, तेव्हापासून अण्णा कचेरीत छत्री उघडून बसू लागले. बाहेर पडले की मिटून बगलेत. रणरणत्या उन्हात मिटलेली छत्री घेऊन चाललेला माणूस पाहून लोक हसायचे, तर म्हणायचे, "हसा. रस्त्यात पाल पडत नाही." उजव्या हाताने लिहायचे आणि डाव्या हाताने छत्री धरायचे. त्यामुळे शिक्का मारायची वेळ आली की समोरच्या अर्जदाराला छत्री धरावी लागे. भलेभले शेठ, इनामदार अण्णांवर छत्री धरून उभे राहिलेले सगळ्या ठाण्याने पाहिले आहेत.

त्या काळी ठाण्याची खाडी गजबजलेली असे. रेल्वे येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी जड माल गलबतानेच यायचा. कौलं, लाकूड, मिठाची पोती आणि अधूनमधून चाकांची वाहनं. घाटावरच्या एखाद्या संस्थानिकाची बग्गी, एखाद्या वकिलाचा टांगा. समुद्रमार्गे आलेल्या कुठल्याही वाहनाला बंदराच्या नाक्याबाहेर चाक टाकण्याआधी नंबर घ्यावा लागे, आणि तो नंबर देण्याचं काम अण्णांकडे होतं. आधी कल्याणच्या बंदरात होते, तिथून ठाण्याला बदलून आले. मूळचे डोंबिवलीकडचे. डोंबिवली म्हणजे तेव्हा नुसती भातखाचरं आणि चार घरं. तिथला माणूस चाकांचा एवढा षौकीन कसा निघाला, देव जाणे.

कारण षौक होताच. नवं वाहन उतरलं की अण्णा आधी त्याला प्रदक्षिणा घालत. मग उकिडवे बसून चाकाच्या मधोमध असलेल्या तुंब्याला कान लावत आणि गाडीवानाला म्हणत, "हळू फिरव. बोलू दे त्याला." मग आत बसून धक्क्यावर एक फेरी मारत. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून, हरताळकेच्या पूजेला बसल्यासारखे. मात्र नंबर लागल्यावर मालकाने कितीही म्हटलं, "अण्णा, घरापर्यंत सोडतो," तरी कधी बसले नाहीत. "नंबर लागेपर्यंत तो सरकारी तपास. नंबर लागल्यावर ती लाच," असं म्हणून पायी चालू लागत. सगळ्या गावाच्या गाड्यांत एकेक फेरी बसलेला हा माणूस जन्मभर पायी हिंडला.

नियमाच्या बाबतीत त्यांच्यासारखा चिवट माणूस मी पाहिला नाही. पण त्यांचा चिवटपणा उफराटा होता. इतर कारकून नियमावर बोट ठेवून माणसाला परत पाठवतात. अण्णा नियमावर बोट ठेवत आणि तिथून ते हळूहळू पुढे सरकवत राहत, वाट सापडेपर्यंत. "नाही म्हणायला शिपाई पुरतो," ते म्हणायचे, "हो म्हणायला कारकून लागतो."

कल्याणला असताना एका देवळाचा रथ गलबतातून आला होता. रकान्यात मालकाचं नाव हवं, आणि मालकाची सही हवी. पुजारी म्हणाला, मी करतो सही. अण्णा म्हणाले, "रथ तुमचा? मग देव काय भाड्याने बसतो?" मालकाच्या रकान्यात त्यांनी देवाचं नाव लिहिलं. राहता राहिली सही. लिहिता न येणाऱ्या मालकाने अंगठा उठवला तरी चालतो असा नियम होता. अण्णांनी आंघोळ केली, सोवळं नेसले, कागद देवळात नेला आणि देवाच्या पायाचं कुंकू त्यावर उठवून घेतलं. ही गोष्ट कल्याणची माणसं मला हसत हसत सांगत, पण सांगताना हातही जोडत.

दुसरी गोष्ट ठाण्याची, आणि ती पुढे माझ्याच मुळावर आली. एका बड्या जमीनदाराची विलायती बग्गी उतरली. घोडा मागच्या बोटीने यायचा होता. नियमाप्रमाणे वाहन ओढणारं जनावर हजर हवं, त्याचा रंग, वय, खूण लिहायला हवी. जमीनदाराला दम कुठला! त्याने आपले गडी बग्गीला जुंपले आणि म्हणाला, "हे ओढतात. लिहा." अण्णांनी लेखणी खाली ठेवली, छत्री मिटली (कचेरीत ती मिटलेली कुणी पहिल्यांदाच पाहिली) आणि म्हणाले, "जनावराच्या रकान्यात मी माणूस लिहिणार नाही. या टेबलावर नाही. कधीच नाही." बग्गी घोडा येईपर्यंत धक्क्यावर उन्हात तापत पडली. त्या गड्यांपैकी काही खाडीकाठच्या आमच्या कोपरीतले होते. ते अण्णांना पुढे लांबून दिसले तरी रामराम घालत.

आता माझं सांगते. मी अकरा वर्षांची असताना तापाने अंथरुणाला खिळले. ताप गेला, पण जाताना माझे पाय घेऊन गेला. त्या वेळच्या रीतीने माझं आयुष्य तिथेच संपलं होतं. लग्न नाही, म्हणजे माजघर आणि माजघराची खिडकी. पण वडील शिक्षक होते. त्यांनी मला खाटेवर बसवून शिकवलं आणि मी हावरटासारखी शिकले. वडील वारले तेव्हा मी विशीत होते आणि त्यांच्या जागी घरातल्या घरात शेजारच्या मुलींना शिकवत होते. तलावाजवळ मुलींची शाळा होती. तिथे पंतोजी शिकवायला म्हणून पुष्कळ आईबाप मुलींना पाठवत नसत. शाळेचे चिटणीस आमच्याकडे आले आणि आईला म्हणाले, "दिवाळीनंतर शाळा उघडेल. तुमच्या मुलीला जागा देतो. पण तिला रोज आपलं आपण यावं लागेल. चार माणसं उचलून आणताहेत अशी बाई वर्गात शिस्त काय लावणार?"

मला राग आला, आणि त्यांचं पटलंही. गड्याच्या पाठुंगळी बसून मला शाळेत जायचं नव्हतं. मी दादाला कळवलं. माझा भाऊ, म्हणजे ज्याची मोटार आली त्या भाच्याचा बाप, तेव्हा मुंबईच्या गोदीत नोकरीला होता. त्याने कुठल्याशा विलायती पुस्तकात चित्र पाहिलं. तीन चाकांची खुर्ची, दोन्ही हातांशी दोन दांडे, ते पुढे-मागे ओढले की चाकं फिरतात. पदरमोड करून त्याने ती मागवली. रेल्वेने आणली असती तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण कौलं भरून ठाण्याला निघालेल्या गलबताचा तांडेल दादाच्या ओळखीचा निघाला आणि माझी खुर्ची समुद्रमार्गे ठाण्याच्या बंदरात आली.

अण्णांनी तिला प्रदक्षिणा घातली, तुंब्याला कान लावला, बसून फेरी मारली. दादा सांगत होता, फेरी संपली तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे चमकत होते. मग ते टेबलाशी बसले आणि विचारलं, "ओढणार कोण?"

"माझी बहीण. स्वतःच," दादा म्हणाला.

अण्णांची लेखणी थांबली. दादाने हात जोडले, मग आवाज चढवला. शेवटी म्हणाला, "अहो, बैल लिहा! कोण बघतंय?"

"मी बघतोय," अण्णा म्हणाले. "आणि खरं लिहायचं तर तुमच्या बहिणीचा रंग, वय, खूण जनावराच्या रकान्यात लिहावी लागेल. ते या हातून व्हायचं नाही."

खुर्ची धक्क्यावर ताडपत्रीखाली राहिली. नवरात्र गेलं, दसरा गेला. दादा सुट्टी संपून मुंबईला परतला. आई म्हणाली, "देवाच्या मनात नाही गं." चिटणीस पुन्हा येऊन सांगून गेले की पुण्याची एक बाई यायला तयार आहे, दिवाळीपर्यंत ते थांबतील, पुढे त्यांचाही नाइलाज आहे. त्या दिवसांत मी अण्णांना मनातल्या मनात एवढ्या शिव्या दिल्या की वडिलांनी शिकवलेलं सगळं मराठी कामी आलं. जमीनदाराची जिरवली तेव्हा मीच घरात बसून टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आता तोच रकाना माझ्या दारात आडवा पडला होता.

शेवटी मी आईला म्हटलं, "मला बंदरावर ने."

"तिथे बायका जातात का?"

"कोळणी जातात. त्या बायका नाहीत?"

शेजारच्या छकड्यात गादी टाकून आई मला बंदरावर घेऊन गेली, डोक्यावरून पदर घेऊन, तोंडाने राम राम म्हणत. अण्णा कचेरीच्या पायरीवर आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. वाटलं होतं, कुणी उग्र माणूस असेल. हा तर काटकुळा, कानांतून पांढरे केस आलेला आणि बगलेत छत्री.

"तुम्हीच का नियमवाले?" मी म्हटलं. "जनावराच्या रकान्यात माणूस लिहीत नाही म्हणता, मोठे उपकार! पण तुमच्या त्या रकान्यापायी मी माणसाच्या रकान्यातूनही जाणार आहे. दिवाळीनंतर मी पुन्हा खिडकीत. ते कुठे लिहाल?"

आईने माझा दंड घट्ट धरला. अण्णा मात्र रागावले नाहीत. उलट मला वाटतं, त्यांना बरं वाटलं.

"ताई," ते म्हणाले, "मालक हजर हवा असाही नियम आहे. तुमचे बंधू रोज येऊन भांडले, पण मालक तुम्ही. मी तुमची वाट बघत होतो. नाक्याच्या आत चालवायला नंबर लागत नाही. चालवून दाखवा."

ताडपत्री निघाली. मला खुर्चीत बसवलं. मी दांडे धरले. त्याआधी कधी चालवली नव्हती, पण ते सांगायची माझी टाप नव्हती. ओढले, ढकलले, खुर्ची थोडी वाकडी गेली, मग सरळ धावू लागली. नऊ-दहा वर्षांनी मी माझ्या जोरावर एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले होते. वाऱ्याने पदर उडाला तो मी सावरला नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. धक्क्याच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले. जाळी विणत बसलेले कोळी हात थांबवून बघू लागले.

अण्णा टक लावून माझ्या खांद्यांकडे पाहत होते. ते वळून नव्या खेपेला आलेल्या कौलांच्या गलबताच्या तांडेलाला म्हणाले, "तांडेल, ही ताई काय करतेय सांग बरं."

तांडेल चेहरा न हलवता म्हणाला, "काय करतंय? वल्हवतंय नं. पर जोर खांद्याशी लावतंय. बाय, कंबरेशी जोर लाव, दमशील नाय."

अण्णांच्या बगलेतली छत्री खाली पडली. ती न उचलता ते आत धावले. गाड्यांच्या नियमांचं पुस्तक त्यांनी मिटून बाजूला ठेवलं आणि होड्यांचं काढलं. होडीला जनावर लागत नाही. होडीला वल्हवणारा लागतो, आणि त्याचं नाव माणसाच्या रकान्यात, वर, मालकाच्या शेजारी लिहितात.

पुढचा तासभर धक्क्यावर जी चर्चा झाली तशी पुन्हा कधी ऐकली नाही. तांडेल, अण्णा आणि मी. मोठ्या मचव्यांना पावसाळ्यात बंदरात ओढून ठेवावं लागतं. मग पावसाळ्यात माझी शाळा बुडणार! अण्णांचं बोट पानावर सरकत राहिलं आणि एका ठिकाणी थांबलं. "तर," ते म्हणाले. उतारूंना पार नेणारी होडी ती तर, आणि तिला बारा महिने मुभा. "पण तरीला दोन काठ हवेत. या काठापासून त्या काठापर्यंत."

"माझं घर खाडीच्या काठी," मी म्हटलं.

"आणि शाळा?"

"तलावाच्या काठी."

अण्णांनी लेखणी शाईत बुडवली. मग त्यांनी लिहिलं: खाडीकाठ ते तलावकाठ. वल्हवणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. होडीचं नाव विचारलं तेव्हा मला काही सुचेना. मागून आई पुटपुटली, "हिचा हट्ट, दुसरं काय!" अण्णांनी तेच लिहून टाकलं. माझ्या खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर आला आणि त्याखाली 'हट्ट'.

"आता तरीचे दोन नियम नीट ऐका," अण्णा म्हणाले. "काठ सोडण्याआधी मोठ्याने तीन हाका द्यायच्या, तर सुटली म्हणून. आणि जागा असेल तोवर उतारू नाकारायचा नाही. कुणीही असो."

खुर्चीच्या मागे सामान ठेवायला एक फळी होती. मी म्हटलं, "माझ्या खुर्चीवर कोण बसणार आहे?" आणि कबूल करून टाकलं.

वरच्या साहेबाची सही राहिली होती. तो दौऱ्यावर आला तेव्हा, अण्णांनी नंतर सांगितलं, साहेबाने कागद उलटसुलट पाहिला, खिडकीतून खुर्ची पाहिली आणि विचारलं, "ही तर पाण्यावर तरंगते?" अण्णा म्हणाले, "साहेब, या काठापासून त्या काठापर्यंत पाणी लागतच नाही." साहेब बराच वेळ हसला आणि हसता हसता सही केली. शिक्का मारताना छत्री साहेबानेच धरली म्हणतात. ते खरं असेलच असं नाही, पण मला ते खरं हवं आहे.

दिवाळीनंतरच्या पहिल्या दिवशी मी अंगणात खुर्चीत बसले. पुस्तकं मांडीवर. अण्णा कोपऱ्यावर उभे होते, हाका ऐकायला. मी घशातल्या घशात म्हटलं, "तर सुटली." अण्णांनी मान हलवली. चांगल्या घरची, बिनलग्नाची मुलगी रस्त्यात ओरडणार! आई दार लावून आत गेली. मग मी डोळे मिटून ओरडले. तिसरी हाक तर कोळीवाड्याच्या टोकापर्यंत गेली असेल. पुढे वर्गात मला कधी टेबलावर छडी आपटावी लागली नाही, ती या हाकांचीच पुण्याई.

आणि हाक ऐकून उतारू आला! एक कोळीण, मासळीची पाटी घेऊन. "तर हाय ना? मंग घे मला. बाजारात सोर."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा आकाशाकडे पाहत होते. नियम म्हणजे नियम. कोळीण फळीवर बसली, पाटी मांडीवर. सोवळ्याच्या घरातून निघालेली मास्तरीण आणि तिच्या मानेशी ताजे बोंबील, अशी आमची मिरवणूक रेल्वेचं फाटक ओलांडून गावात शिरली. लोक दुकानांतून बाहेर आले. पोरं मागे धावली. मी कंबरेशी जोर लावून वल्हवत होते आणि मागून ती बाई धीर देत होती, "लाव जोर, बाय, लाव. बगू दे त्यांना."

बाजाराशी ती उतरली. शाळा पुढे दिसत होती. ती तिथेच पाटी धरून उभी राहिली आणि मुली आत जाताना पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी तीन हाकांनंतर ती पुन्हा आली. पाटी डोक्यावर आणि हाताशी सात-आठ वर्षांची मुलगी. "मी चालतंय," म्हणाली. "हिला घे. जिथं तू जातंस तिथं सोर."

मला कळलं, ती काय मागत होती. कोळीवाड्यातली एकही मुलगी त्या शाळेत नव्हती. मनाई नव्हती, पण येत नसत, आणि कुणी त्यांना या म्हणतही नसे. मी मुलीला फळीवर बसवलं. शाळेच्या दारात चिटणीस उभे होते. त्यांनी मुलीकडे पाहून विचारलं, "ही कोण?"

"माझी उतारू," मी म्हटलं. "तरीने माणूस काठाला लावायचा असतो, अर्ध्या पाण्यात सोडायचा नसतो. नियम आहे. बंदर कचेरीत विचारा."

चिटणीस खरंच विचारायला गेले. अण्णांनी त्यांना बसायला दिलं, हातात छत्री दिली आणि होड्यांचा सगळा कायदा पहिल्या पानापासून वाचून दाखवला. त्यानंतर चिटणिसांनी पुन्हा कधी विचारलं नाही. वर्षभरात सकाळी माझी फळी भरून जाऊ लागली, आणि जिला जागा मिळायची नाही ती खुर्ची धरून बाजूने पळायची. त्यात आजवर घरातच खिडकीशी बसून राहिलेल्या दोघी होत्या, माझ्याच आळीतल्या. त्यांना बघून मला किती आनंद व्हायचा ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

नारळी पौर्णिमेला तांडेलाने निरोप धाडला, "तर असंल तर बंदराव आण." धक्क्यावर रंगवलेले मचवे ओळीने उभे होते. शेवटी माझी खुर्ची लावली. तिलाही हळदकुंकू, झेंडू, नारळ. आई आली होती, आणि पदराआडून हसत होती. त्यानंतर एकही पौर्णिमा आम्ही चुकवली नाही.

अण्णांची नोकरी संपली तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ते डोंबिवलीला परत जाणार हे मला कळलं ते त्याच सकाळी. मी अंगणात तिसरी हाक दिली आणि बघते तर फाटकात अण्णा, एका हातात वळकटी, बगलेत छत्री.

"जागा आहे?" त्यांनी विचारलं.

मला आधी समजलंच नाही. नंबर लागलेल्या वाहनात न बसणारा माणूस! "अण्णा, ही लाच होईल," मी म्हटलं.

"आता कसली लाच? आजपासून मी कुणीच नाही. साधा उतारू आहे." मग जरा चाचरत म्हणाले, "उतारू नाकारता येत नाही, ताई."

मुली हसत बाजूला झाल्या. अण्णा फळीवर बसले, वळकटी मांडीवर घेऊन, डोळे मिटून. त्यांचं वजन असं नव्हतंच, पण त्या दिवशी मला दांडे जड जात होते. स्टेशनाशी ते उतरले. माणसं बघत होती. अण्णा तिथेच धुळीत उकिडवे बसले, चाकाच्या तुंब्याला कान लावला आणि मला म्हणाले, "हळू फिरवा."

मी दांडे हलवले.

"बोलतंय का?" मी विचारलं.

"फार बोलतंय," अण्णा म्हणाले. "थांबवू नका." मग उठले, छत्री सावरली आणि गाडीकडे गेले. त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही.

भाच्याला हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला उचलून मोटारीत पुढे बसवलं, तलावापर्यंत फिरवून आणतो म्हणाला. कोळीवाड्याच्या वळणावर दोन मुली दप्तरं सावरत भराभर चालल्या होत्या, शाळेची घंटा गाठायला. मी तोंड उघडण्याआधीच भाच्याने ब्रेक लावला आणि खिडकीतून बाहेर डोकं काढून मोठ्याने ओरडला, "तर सुटली!"

मुली घाबरून थबकल्या. मग त्यातली मोठी पुढे झाली. "दोगींना जागा हाय?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं, दार उघडलं आणि म्हणाला, "बसा. नाकारता येत नाही."